घर : राहण्याचे की पाहण्याचे?

ग्रंथाचे परीक्षण कसे करावे याविषयी आपल्याकडे पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. नाटकाचे व चित्राचे गुणदोष पारखण्याची दृष्टीही सुशिक्षित वर्गास बरीच आलेली आहे. परंतु ज्या एका कलाकृतीत मनुष्य जेवतो, निजतो, आजारी पडतो, मुलांना वाढवतो आणि म्हातारा होतो, त्या कलाकृतीची, म्हणजे घराची, समीक्षा मराठीत क्वचितच वाचावयास मिळते. कोणी घर बांधले की जागेचा भाव विचारावा, पाण्याची सोय आहे ना ते पाहावे, वास्तुशांतीचे जेवण जेवावे आणि ‘छान आहे हो!’ असे म्हणून निरोप घ्यावा, एवढ्यावर आपली रसिकता थांबते. वास्तविक न आवडलेले पुस्तक मिटून ठेवता येते, न आवडलेल्या चित्राकडे पाठ फिरवता येते. घराच्या बाबतीत तशी सोय नाही. ते आपल्यावर रात्रंदिवस परिणाम करीत असते. तेव्हा घराचे गुणदोष पाहताना कसोटी कोणती लावावी, हा प्रश्न केवळ शिल्पज्ञांचा नाही, प्रत्येक गृहस्थाचा आहे.

हा प्रश्न अत्यंत स्पष्ट शब्दांत एकदा विचारला गेला, तो १९३१ साली, जर्मनीतील ‘डी फोर्म’ नावाच्या मासिकात. युस्टुस बिअर या कलासमीक्षकाने आपल्या लेखास नावच असे दिले होते की, तुगेंडहाट यांच्या घरात राहता येते काय? ज्या घराविषयी हा प्रश्न होता ते चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो या शहरी, १९३० च्या डिसेंबरात, म्हणजे नुकतेच कोठे गजबजू लागले होते. आज ते घर विसाव्या शतकातील वास्तुकलेच्या श्रेष्ठ कृतींत गणले जाते आणि २००१ सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद आहे. इतका मान मिळाल्यावर बिअरचा प्रश्न निकालात निघाला असे कोणी म्हणेल. आमच्या मते तो निकालात निघालेला नाही. उलट तो आज अधिक अर्थपूर्ण झाला आहे.

प्रथम घराची हकीकत सांगितली पाहिजे. ब्रनो हे मोराव्हिया प्रांताचे मुख्य शहर. लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांमुळे त्यास मोराव्हियाचे मँचेस्टर म्हणत. तेथील कारखानदारांत जर्मन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबांचा मोठा भरणा होता व ल्योव-बेअर आणि तुगेंडहाट ही त्यांपैकी दोन घराणी होत. ग्रेटे ल्योव-बेअर आणि फ्रिट्झ तुगेंडहाट यांचा विवाह १९२८ साली झाला. ग्रेटेच्या वडिलांनी आपल्या बंगल्याच्या वरच्या अंगास, टेकडीच्या उतारावर, जागा दिली व घराचा खर्चही उचलला. लेकीला माहेरच्या अंगणातच घर मिळावे, यात आपल्या वाचकांस काही अपरिचित वाटणार नाही. अपरिचित आहे ते पुढेच. या तरुण जोडप्याने गावातील एखादा नामांकित शिल्पी न बोलावता बर्लिनहून लुडविग मीस व्हान डेर रोहे यास पाचारण केले. हा आखेन गावच्या पाथरवटाचा मुलगा. त्याच सुमारास तो १९२९ च्या बार्सेलोना प्रदर्शनातील जर्मनीच्या मंडपाची योजना करीत होता, आणि तो मंडप व हे घर ही एकाच विचाराची दोन अपत्ये होत. सप्टेंबर १९२८ मध्ये त्याने जागा पाहिली. त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री नकाशे दाखवले. घराच्या सामानसुमानात लिली राइख या कुशल स्त्रीचा मोठा वाटा होता, हे पुष्कळदा विसरले जाते म्हणून येथे मुद्दाम नमूद करतो.

ग्रेटेने पुढे, १९६९ साली, ब्रनो येथे केलेल्या भाषणात या प्रकरणाच्या आठवणी सांगितल्या आहेत. तीत एक गोष्ट मार्मिक आहे. जमिनीपासून छतापर्यंत उंचीचे दरवाजे वाकतील असे सुतारांचे मत पडले, म्हणून फ्रिट्झने हरकत घेतली. त्यावर मीसने सांगितले की, मग मी हे घर बांधीत नाही. दरवाजे त्याच्या मनाप्रमाणेच झाले. घर कोणाचे, राहणाऱ्याचे की रचणाऱ्याचे, या वादाचे बीज येथेच पेरले गेले असे म्हणता येईल. तथापि यजमान केवळ दबून गेले असे मानणे अन्यायाचे होईल. ग्रेटेस मोकळे, स्वच्छ, साध्या रेषांचे घर हवे होते. आणि लहानपणी पाहिलेल्या, जाळीदार पडदे व शोभेच्या वस्तूंनी कोंदून गेलेल्या दिवाणखान्यांचा फ्रिट्झला मनस्वी तिटकारा होता. शिल्प्याने त्यांच्यावर काही लादले खरे; पण त्यांना जे हवे होते त्याच दिशेने लादले.

आता रचना पाहू. रस्त्यावरून पाहणाऱ्यास हे घर जवळजवळ काहीच सांगत नाही. एक बसका, पांढरा, सपाट धाब्याचा मजला, मोटारखाना, आणि दुधी काचेच्या अर्धवर्तुळाआड लपलेले प्रवेशद्वार. या मजल्यावर निजावयाच्या खोल्या आहेत. उतारावर बांधलेले असल्यामुळे घराचा मुख्य भाग खालच्या मजल्यावर आहे, म्हणजे आपण वर चढून दिवाणखान्यात जात नाही, जिन्याने खाली उतरतो. उतरल्यावर सुमारे २३७ चौरस मीटरांचे एकच एक दालन समोर येते. त्यात बैठक, अभ्यासाची जागा, जेवणाची जागा हे सर्व आहे. पण त्यांना वेगळे करणाऱ्या छतापर्यंत बंद अशा खोल्या नाहीत. छताचा भार भिंतींवर नाहीच. तो पोलादी खांबांवर आहे. फुलीच्या आकाराचे हे बारीक खांब चकचकीत क्रोमियमच्या आवरणाने मढवलेले आहेत, त्यामुळे भोवतालचे प्रतिबिंब त्यांत पडून ते असून नसल्यासारखे वाटतात. भार पेलण्याच्या कामातून भिंत मोकळी झाली की ती हवी तेथे उभी करता येते, हवी तेथे गाळता येते. या एका कल्पनेवर सारे घर उभे आहे.

दालनात दोनच आडोसे आहेत. एक, मोरोक्कोतील ॲटलस पर्वतातून आणलेल्या ऑनिक्स नामक पिवळसर पाषाणाची सरळ भिंत. ती बैठक व अभ्यासाची जागा यांच्या मध्ये आहे. दुसरा, मकासर जातीच्या काळसर, रेषारेषांच्या शिसवी लाकडाचा अर्धवर्तुळाकार आडोसा. त्याच्या कुशीत जेवणाचे मेज आहे. हिवाळ्यात मावळता सूर्य खाली आला म्हणजे ऑनिक्सच्या पातळ भिंतीतून प्रकाश झिरपतो व दगड आतून तांबूस पेटल्यासारखा दिसतो. बागेच्या बाजूस भिंत नाही, काच आहे. तिच्यातून उतारावरची झाडे, खालचे शहर आणि पलीकडच्या टेकडीवरील श्पिलबेर्कचा किल्ला दिसतो. या काचांपैकी दोन प्रचंड तावदाने विजेच्या यंत्राने सावकाश जमिनीत उतरतात. मग दिवाणखान्याचा सज्जा होतो. तळघरात हवा गाळणारी, ऊन करणारी व दमट करणारी यंत्रे बसवलेली आहेत, आणि त्यांच्यावाचून एवढ्या काचेच्या घरात मोराव्हियाचा हिवाळा काढणे कठीणच होते.

बिअरचा आक्षेप असा होता : हे दालन इतके परिपूर्ण आहे की त्यात राहणाऱ्याने काही भर घालण्यास जागाच नाही. एक खुर्ची हलवली तरी रचनेचा तोल जातो. भिंतीवर चित्र टांगता येत नाही, कारण दगडाच्या शिरा व लाकडाच्या रेषा यांनीच चित्राची जागा घेतली आहे. खोल्या नसल्यामुळे एकांत नाही. आणि सतत उदात्त वातावरणात वावरावे लागल्याने मनुष्याचे खासगी जीवन दडपून जाते. हे राहणे नव्हे, प्रदर्शनात उभे राहणे होय, असा त्याचा सारांश. वाल्टर रीत्सलर या संपादकाने तत्पूर्वी घराची मुक्त कंठाने स्तुती केली होती. तिला हे उत्तर होते.

या वादाचे वैशिष्ट्य असे की, त्यात खुद्द घरमालक उतरले. कलाकृतीविषयी समीक्षक भांडतात हे नित्याचे आहे. पण ‘आम्ही येथे राहतो, आम्हांस विचारा’ असे म्हणणारा साक्षीदार साहित्यात कोठून मिळणार? ग्रेटेने लिहिले की, या दालनाची भव्यता दडपणारी नाही, मोकळे करणारी आहे; येथे प्रत्येक फूल, प्रत्येक कलाकृती, प्रत्येक माणूससुद्धा अधिक स्पष्ट व अधिक ठळक दिसते. फ्रिट्झने प्रांजळपणे मान्य केले की चित्रे टांगता येत नाहीत. परंतु तेवढ्याने खासगी जीवन दडपले जाते हे त्यास मान्य नव्हते. उलट, बर्फ पडलेले असताना तावदाने खाली सोडून उन्हात बसण्यात दावोसच्या आरोग्यधामासारखे सुख आहे, असेही त्याने कळवले.

वाचकांच्या लक्षात येईल की, याच दशकात महाराष्ट्रात ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद फडके व खांडेकर यांच्या निमित्ताने गाजत होता. त्या वादात एक अडचण नेहमी राही : कादंबरी ‘जगून’ पाहता येत नाही. घर जगून पाहता येते. म्हणून हा जर्मन वाद आम्हांस अधिक निर्णायक वाटतो.

निर्णय कोणता द्यावा? बिअरचा पहिला मुद्दा आम्हांस पटत नाही. घराला स्वभाव येतो तो भिंतीवरील तसबिरींनी, ही समजूत मुळात संशयास्पद आहे. आपल्या जुन्या वाड्यांचेच पाहा. त्यांतील ओटी, माजघर, चौक यांत आज आपण ज्यास सजावट म्हणतो ती फारच थोडी असे. चौकातील ऊन, तुळशीवृंदावन, झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज यांनीच घर ओळखू येई. खोलीखोलीतून वस्तूंची दाटी करण्याची हौस पुष्कळ अंशी अलीकडची आहे. तेव्हा रिकामी जागा म्हणजे निर्जीव जागा हे समीकरण चुकीचे होय.

एकांताविषयीचा त्याचा मुद्दा मात्र विचारात घेण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर नकाशातच सापडते. खालचे दालन मोकळे आहे, याचे कारण वरच्या मजल्यावर आई, वडील, मुले व मुलांची दाई यांच्या स्वतंत्र खोल्या आहेत. स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या एका अंगास वेगळ्या काढलेल्या आहेत, आणि मोटार हाकणाऱ्याचे बिऱ्हाडही मोटारखान्यापाशी निराळे आहे. म्हणजे या घरात भिंती काढून टाकलेल्या नाहीत. त्या नजरेआड केल्या आहेत. जे दालन छायाचित्रांतून जगप्रसिद्ध झाले ते एका मोठ्या, नोकरचाकरांनी चालणाऱ्या घराचा केवळ दर्शनी भाग आहे. बिअरने जर हे बोट दाखवले असते तर त्यास उत्तर देणे यजमानांना अधिक जड गेले असते.

येथेच आमचा स्वतःचा आक्षेप येतो. याच ब्रनो शहरात १८७० साली जन्मलेल्या आडोल्फ लोस या शिल्पज्ञाने अलंकरणाविरुद्ध मोठी मोहीम उघडली होती. अलंकारावर खर्च झालेले श्रम वाया जातात, हा त्याच्या प्रतिपादनातील एक भाग होता. मीसच्या घरात कोरीव काम नाही, वेलबुट्टी नाही. पण ॲटलस पर्वतातला पाषाण आहे, दूरदेशीचे शिसवी लाकूड आहे, जमिनीत उतरणारी काच आहे. अलंकार गेला, ऐश्वर्य राहिले. या साधेपणास वैराग्याचे नाव देणे म्हणजे रेशमी धूत वस्त्र नेसणाऱ्यास संन्यासी म्हणण्यासारखे आहे. यामुळे घराचे सौंदर्य रतीभरही कमी होत नाही. परंतु हे घर सर्वसामान्यांच्या भावी घराचा नमुना होय असे जे पुष्कळ वर्षे सांगण्यात आले, ते खरे नाही. त्याची नक्कल करणाऱ्यांनी पाषाण वगळला, लाकूड वगळले, बाग वगळली, वरच्या मजल्यावरील एकांत वगळला आणि फक्त सपाट पांढरी भिंत व मोठी काच घेतली. मुंबईपासून ब्राझीलपर्यंत उन्हाने तापणाऱ्या कित्येक इमारती या अर्धवट अनुकरणाची साक्ष देतील.

परंतु घराच्या योग्यतेचा निकाल केवळ समीक्षकांच्या हाती राहिला नाही. तो इतिहासाने आपल्या हाती घेतला. १९३८ साली, नाझी सत्तेची छाया पडताच, हे ज्यू कुटुंब घर सोडून प्रथम स्वित्झर्लंडला व १९४१ मध्ये व्हेनेझुएलाला गेले. ज्या घराविषयी इतके लिहिले गेले त्यात ते उणीपुरी आठ वर्षे राहिले. १९३९ मध्ये गेस्टापोने घर ताब्यात घेतले. मागे राहिलेल्या आप्तांपैकी काहींचा नाझींच्या हातून अंत झाला. १९४५ मध्ये सोव्हिएत घोडदळाचा तळ येथे पडला व त्या दालनात घोडी बांधली गेली. त्यानंतर काही वर्षे तेथे नृत्यशाळा भरे. आणि १९५० नंतर दीर्घकाळ, पाठीच्या कण्याचे विकार असलेल्या मुलांना व्यायाम देण्यासाठी तेच दालन उपयोगात आले. २६ ऑगस्ट १९९२ रोजी क्लाउस व मेचियार या दोन नेत्यांनी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देशांत विभाजन करण्यासंबंधी येथेच वाटाघाटी केल्या.

या परंपरेकडे पाहून दोन विचार मनात येतात. पहिला असा की, एकच खुर्ची हलवली तरी बिघडेल असे ज्या दालनाविषयी म्हटले गेले, त्याने नर्तकांना, आजारी मुलांना आणि राजकारण्यांना सारख्याच सहजतेने सामावून घेतले. ऑनिक्सच्या भिंतीसमोर व्यायाम करणारी मुले हे बिअरच्या आक्षेपास मिळालेले सर्वांत सुंदर उत्तर होय. जी रचना खरोखर मोकळी असते ती आपल्या कर्त्याच्या हेतूहूनही मोकळी ठरते.

दुसरा विचार कटू आहे. बाहेरचे जग आत घेणारी काच ही या घराची प्रतिज्ञा. पण त्या काचेने बाहेरच्या जगापासून कोणाचे रक्षण केले नाही. स्वच्छ प्रकाशात राहणारी माणसे स्वच्छ विचार करतील, आणि नव्या घरांबरोबर नवा, सुबुद्ध समाज येईल, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. खुद्द शिल्पकाराचे वर्तनच या श्रद्धेची मर्यादा दाखवते. १९२६ मध्ये मीसने बर्लिन येथे रोझा लुक्झेंबुर्ग व कार्ल लीब्क्नेख्त या हुतात्म्यांचे स्मारक उभारले होते; आणि ऑगस्ट १९३४ मध्ये हिटलरला पाठिंबा देणाऱ्या कलावंतांच्या जाहीर पत्रकावर त्याचीच सही आहे. ज्या कुटुंबाने त्याला आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी संधी दिली, त्याच कुटुंबाच्या वैऱ्याला त्याने ही सही दिली. १९३८ मध्ये तो अमेरिकेस गेला व तेथे कीर्तीस पोचला. यावरून घर वाईट ठरत नाही. परंतु रेषेची शुद्धता आणि आचरणाची शुद्धता ही एकमेकींची हमी देत नाहीत, एवढे समीक्षकाने स्पष्ट सांगितले पाहिजे. सौंदर्यावर नीतीचे ओझे घालू नये हे खरे. तसेच नसलेल्या नीतीचे श्रेयही त्यास देऊ नये.

या संदर्भात आपल्याकडील एका वास्तूची आठवण होते. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी याच काळात, म्हणजे १९३० च्या पुढील तीन वर्षांत, बर्लिनचा तरुण शिल्पज्ञ एकार्ट मुथेसियस याच्याकडून माणिकबाग हा राजवाडा आधुनिक पद्धतीने सजवून घेतला. होळकरांच्या मराठी घराण्याने मीसच्या समकालीनांची ही नवी भाषा इतक्या लवकर आत्मसात करावी ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु संस्थाने गेली, वाड्यातील अमूल्य सामान १९८० साली मोनॅको येथे लिलावात विकले गेले आणि वास्तू सरकारी कचेरीकडे गेली. ब्रनोच्या घराप्रमाणे तिचे मूळ रूप परत उभे करण्याचे भाग्य तिला लाभले नाही. युरोपातील एका घराचे कौतुक करताना आपल्याच दारातील या उदासीनतेची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

ब्रनोच्या घराचा जीर्णोद्धार १९८१ ते १९८५ मध्ये एकदा आणि २०१० ते २०१२ मध्ये पुन्हा, अत्यंत कसोशीने, करण्यात आला. हरवलेल्या शिसवी आडोशाचे मूळ फळे याच सुमारास शहरातील विधी महाविद्यालयाच्या उपाहारगृहात भिंतीला लावलेले सापडले. ती इमारत युद्धकाळात गेस्टापोची कचेरी होती. ते फळे परत आपल्या जागी बसले. ही शोधकथा ऐकून कोणासही समाधान वाटेल. तरीही जीर्णोद्धाराच्या तत्त्वाविषयी एक शंका उरते. घर १९३० सालच्या क्षणावर आणून थांबवण्यात आले आहे. घोड्यांच्या टापांची खूण तेथे नाही, नृत्यशाळेची नाही, व्यायाम करणाऱ्या मुलांचीही नाही. शिल्पकाराची कृती परत मिळाली. घराचे चरित्र मात्र माहितीपत्रकात गेले. दोहोंपैकी एक निवडणे भाग होते आणि काचेचे व खांबांचे मूळ नाते परत दिसावे म्हणून निवड योग्यच झाली, असे आम्हांस वाटते. पण ती निवड होती, हे पाहणाऱ्याने विसरू नये.

आणि म्हणूनच बिअरचा प्रश्न आज नव्याने उभा राहतो. १९३१ मध्ये त्याने या घराला प्रदर्शन म्हटले, तेव्हा ते असत्य होते. त्या वेळी तेथे दोन मुले वाढत होती, आणि थंडीत तावदाने उतरवून त्यांचे आईवडील उन्हात बसत होते. १९९४ सालापासून हे घर लोकांस पाहण्यासाठी खुले आहे. खुर्च्या आपापल्या ठिकाणी आहेत आणि त्या हलवण्याची कोणास मुभा नाही. समीक्षकाचे जे विधान घराच्या यौवनात खोटे होते, ते त्याच्या वार्धक्यात खरे झाले. यात शिल्पकाराचा दोष नाही, जीर्णोद्धार करणाऱ्यांचाही नाही. ज्यांचे ते घर होते त्यांना हाकलून देणाऱ्यांचा तो दोष आहे.

तेव्हा घराची कसोटी कोणती? आमचे उत्तर असे की, ज्या घरात राहणारी माणसे, त्यांना विचारले असता, आपल्या शब्दांत त्याची बाजू मांडू शकतात ते घर चांगले. ग्रेटे व फ्रिट्झ यांनी ती मांडली. आपण सदनिका घेताना चटईक्षेत्राचा हिशोब करतो, फरशीचा रंग निवडतो, शेजाऱ्याच्या दिवाणखान्याशी तुलना करतो. पण या घरात आपणास कसे जगावयाचे आहे, सकाळचे ऊन कोठे यावे, एकटे कोठे बसावे, चार माणसे कोठे जमावी, हे प्रश्न घरातील सर्वांनी एकत्र बसून विचारल्याचे फारसे ऐकिवात नाही. ऑनिक्सची भिंत प्रत्येकास परवडणार नाही. हे प्रश्न विचारण्यास मात्र काहीच खर्च येत नाही, आणि ते विचारले गेले तर दोन खोल्यांचे बिऱ्हाडही समीक्षेस पात्र ठरेल.